रिॲक्शनचा हिशेब

गेल्या फाल्गुनात केज तालुक्यातल्या आमच्या गावी चुलतीचे गुडघे धरले. फाट्यावरच्या एका दवाखान्यातून तिनं गोळ्या आणल्या, कागदाच्या पुडीत बांधलेल्या चार. दुपारी भाकरीवर एक घेतली, रात्री दुसरी. तासाभरात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. चुलता म्हणाला, ‘गोळी गरम पडली.’ म्हणून ताक पाजलं. दम लागायला लागला तेव्हा मात्र गावातली जीप काढली आणि तिला तालुक्याला नेलं. तिथं एका खासगी डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, रात्रभर ठेवून घेतलं. चुलती वाचली.

दुसऱ्या दिवशी चुलत्यानं हिशेब मांडला. जीप ९००, दवाखाना २,६००, बाहेरची औषधं ७४०. शिवाय नवरा-बायकोची तीन दिवसांची मजुरी बुडाली. ती रोहयोच्या २०२५-२६च्या दरानं, म्हणजे दिवसाला ३१२ रुपयांनी धरली तरी १,८७२ होतात. एकूण सहा हजारांवर. गोळ्या होत्या साठ रुपयांच्या.

आठवड्यानं उपकेंद्राच्या सिस्टर कामानिमित्त घरी आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘गोळी कोणती होती?’

‘पांढरी. मधी रेघ होती,’ चुलती म्हणाली. पुडी चुलीत गेली होती.

औषधाची रिॲक्शन आली तर ती कुठे कळवायची, आपल्या आशाताई, सिस्टर आणि आरोग्य केंद्राचे डॉक्टर ती पुढे कशी पाठवतात आणि या सगळ्याला पैसे किती पडतात, हे मी त्यानंतर शोधत बसलो. नोंदीला एक पैसाही लागत नाही. मात्र त्या फुकटच्या नोंदीसाठी जे हाताशी लागतं, ते आपण रोज चुलीत घालतो.

आधी १०८

जीप करायची गरज नव्हती, हा आमचा पहिला धडा. १०८ ची रुग्णवाहिका फुकट येते, सोबत डॉक्टर आणि प्राणवायू असतो. ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज, श्वासाला त्रास, आवाज बदलणं, चक्कर येऊन पडणं, झटके, अंगावरची कातडी सोलणं किंवा तोंडात-डोळ्यांत फोड येणं, लघवी बंद होणं, डोळे पिवळे पडणं : यातलं काहीही दिसलं तर ताक-लिंबू करत बसू नये. फोन लावावा आणि गाडी येईपर्यंत माणसाला एकटं सोडू नये.

गाडी सरकारी दवाखान्यात नेत असेल तर कुरकुर करू नका. १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, बीडचं जिल्हा रुग्णालय, सगळीकडे तपासणी आणि उपचार मोफत. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (आपल्या तोंडी ‘स्वाराती’) वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, त्यामुळे हा निर्णय त्याला लागू नाही. तिथं सरकारी दरानं शुल्क पडतं. ते खिडकीवर विचारून भरावं आणि पावती घ्यावी. दाखल व्हावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी गाठा. योजनेतल्या खासगी रुग्णालयातही आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड आणि आधार खिशात नसेल तर एखाद्याला घरी पिटाळा. योजनेचा फोन १५५३८८.

सांगायचं कुणाला

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा एक राष्ट्रीय कार्यक्रम आहे, औषध दक्षता कार्यक्रम. जुलै २०१०मध्ये तो दिल्लीच्या एम्समधून सुरू झाला आणि एप्रिल २०११मध्ये गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे गेला. देशभरची वैद्यकीय महाविद्यालयं त्याच्या केंद्रांसारखी काम करतात, बहुतेक ठिकाणी औषधशास्त्र विभागातून. बीड जिल्ह्यात असा विभाग असलेलं सरकारी महाविद्यालय म्हणजे १९७४ सालचं अंबाजोगाईचं ‘स्वाराती’. आष्टी-पाटोद्याच्या माणसाला अंबाजोगाईपेक्षा नगर जवळ, गेवराईकराला छत्रपती संभाजीनगर. पण यासाठी कुणी एसटीत बसायचं कारण नाही. नोंद फोननं होते, मोबाइलवरून होते, कागदानंही होते.

फोन नंबर १८००-१८०-३०२४. फुकट. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३०. पंचाईत ही की रिॲक्शन शनिवारी रात्री येते. अशा वेळी ‘एडीआर पीव्हीपीआय’ हे मोबाइल ॲप किंवा सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेली ‘एडीआरएमएस’ ही ऑनलाइन व्यवस्था उपयोगी पडते. २०२५मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी औषधदुकानांत या व्यवस्थेचा क्यूआर कोड आणि हा फोन नंबर दिसेल असा लावायला सांगितलं. तुमच्या मेडिकलवाल्याला विचारा, ‘तो चौकोन कुठं लावलाय?’ लावला नसेल तर विचारल्यामुळे लागेल.

डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, औषधनिर्माता यांच्यासाठी फॉर्म वेगळा आणि रुग्णासाठी वेगळा. रुग्णाचा फॉर्म मराठीत मिळतो, कमिशनच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो. त्याच्या झेरॉक्सचे काय दोन-चार रुपये पडतील तेवढेच.

आता आपल्या गावातली साखळी. आशाताईला सांगितलं तर ती सिस्टरला किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला सांगते. तिथून गोष्ट प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जाते, आणि बहुतेक वेळा फॉर्म तिथं भरला जातो. कागदावर अशी काही चढती भाजणी बंधनकारक नाही. सिस्टर स्वतः भरू शकतात, केंद्रातले औषधनिर्माण अधिकारी भरू शकतात, आशाताई तुमच्या अंगणात बसून तो फोन लावू शकते. ‘साहेब आल्यावर बघू’ हे वाक्य या कामापुरतं तरी गाळून टाकायला हरकत नाही. साहेब मीटिंगला जिल्ह्याला गेलेले असतात आणि तोवर पुडी चुलीत जाते.

फॉर्म एका पानाचा. रकाने पुष्कळ दिसतात, पण चार गोष्टी असल्या की नोंद उभी राहते. रुग्ण कोण (पूर्ण नाव नको, आद्याक्षरं आणि वय पुरे). झालं काय आणि कधी. संशय कोणत्या औषधावर आहे. कळवणारा कोण. बाकीचं जमेल तेवढं : डोस किती, कधी सुरू केला, कधी थांबवला, कशासाठी दिला, बॅच नंबर, कंपनी, मुदत. औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला का, हा रकाना फार मोलाचा, कारण संशय पक्का होतो तो तिथं. सोबत आणखी काय घेत होता हेही विचारलेलं असतं, आणि आपल्याकडे खरी माहिती तिथंच दडते. रक्तदाबाची गोळी सांगतात. भगताचा काढा, बाजारातून आणलेलं ‘वाताचं’ चूर्ण, शेजारणीनं दिलेली गोळी कुणी सांगत नाही. सिस्टरांनी ते ओरडून विचारू नये, पाणी पिता पिता विचारावं. आयुर्वेदिक-युनानी औषधांच्या दुष्परिणामांसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी व्यवस्था आहे, पण तुम्ही त्या भानगडीत पडू नका. जे घेतलं ते सगळं सांगा, वाटणी ते करतील.

औषधामुळेच झालं याची खात्री हवी का? नको. संशय पुरतो. फॉर्मच्या नावातच ‘संशयित’ हा शब्द आहे. किरकोळ त्रास असला तरी चालतो, माहीत असलेला असला तरी चालतो. खाज सुटली, उलट्या झाल्या, चुकून दुप्पट गोळ्या घेतल्या, आणि गोळी घेऊन काडीचा फरक पडला नाही, हेसुद्धा. शेवटच्या मुद्द्याकडे पुढे येतो, कारण तो आपल्या जिल्ह्यात फार महागात पडता पडता राहिला.

पाकीट

गोळ्यांच्या पट्टीवर बॅच नंबर आणि मुदत एका कडेला छापलेली असते. मेडिकलवाला पट्टी कापतो तेव्हा ती कड अनेकदा त्याच्याकडे राहते आणि आपल्या हाती येतो बिनानावाचा चंदेरी तुकडा. त्याला म्हणावं, दुसऱ्या बाजूनं काप, नाही तर बिलावर बॅच लिही. बिल मागितल्याचे पैसे पडत नाहीत. त्याच्यावर औषधाचं नाव, बॅच आणि मुदत येते. ‘बिल घेतलं तर महाग पडेल’ असं कुणी म्हणालं तर त्या दुकानातून औषध न घेतलेलं बरं.

पुडीतल्या गोळ्या तर नकोतच. डॉक्टर स्वतः औषध देत असतील तर चिठ्ठीवर नाव लिहून मागा. ‘ताई, तुम्हाला वाचता येतं का?’ असं कुणी विचारलं तर सांगा, ‘मला नाही, आमच्या पोरीला येतं.’ घरातल्या पोरांना एकच काम लावावं : पट्टीचा मोबाइलवर फोटो काढायचा, पुढचा आणि मागचा. तोही फुकट. आरोग्य केंद्रात मिळालेल्या गोळीचा माग लावणं त्या मानानं सोपं असतं, कारण औषध कोणत्या बॅचचं आलं आणि कधी वाटलं याची नोंद केंद्रात असते. फाट्यावरच्या पुडीची अशी नोंद कुठंच नसते.

बॅच नंबरला एवढं काय महत्त्व, असं वाटत असेल तर २०२५चा सप्टेंबर-ऑक्टोबर आठवा. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, त्यातली कित्येक नागपूरला उपचारासाठी आणली होती. सर्दी-खोकल्याच्या एका सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष सापडलं. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं तेव्हा लोकांना बजावलं ते औषधाच्या नावासोबत बॅच सांगून : एसआर-१३. घरातल्या बाटलीवरचं लेबल फाटलेलं असेल तर ती सूचना ऐकून उपयोग काय? हेच विष ४० वर्षांपूर्वी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातही आलं होतं. १९८६च्या सुरुवातीला तिथं ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला.

आणि अंबाजोगाई. ‘स्वाराती’ला पुरवलेल्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांत अझिथ्रोमायसिनच नसल्याचं प्रयोगशाळेच्या तपासणीत निघालं आणि डिसेंबर २०२४मध्ये पुरवठादारांवर अंबाजोगाईत गुन्हा दाखल झाला. अशा गोळीनं अंगावर गांधी उठत नाहीत, तोंड सुजत नाही. ताप उतरत नाही, एवढंच. आणि ताप उतरला नाही की आपण म्हणतो, ‘गोळी लागू पडली नाही,’ आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. एकाच गोळीबद्दल एकाच आठवड्यात पाच घरांतून हे वाक्य ऐकू आलं तर आशाताईनं ते हसण्यावारी नेऊ नये. औषधाच्या दर्जाचीच शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा फोन १८००-२२२-३६५, तोही फुकट, शिवाय बीडला त्यांचं कार्यालय आहे. विकत घेतलेल्या औषधाची तपासणी कुणीही नागरिक ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून करून घेऊ शकतो. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या २६व्या कलमानं तो हक्क दिलाय. मराठवाड्याला जवळची सरकारी औषध प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगरला. मी मात्र पहिल्यांदा प्रशासनाला कळवण्याचा सल्ला देईन. निरीक्षकानं नमुना घेतला तर तपासणीचा खर्च तुमच्या डोक्यावर येत नाही, आणि त्या नमुन्याला कोर्टातही वजन असतं.

लस, टीबी, जंताची गोळी

लसीची वाट वेगळी आणि अधिक चोख. बाळाला लस दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात ते उगीच नाही. जिवावरची ॲलर्जी बहुधा तेवढ्या वेळात दिसते आणि सत्राच्या ठिकाणी सिस्टरांकडे ॲड्रिनलिनचं किट असतं. घरी गेल्यावर ताप आला, मांडी दुखली, गाठ आली तर आशाताईला सांगा. ती किरकोळ नोंद होते. बाळाला दाखल करावं लागलं, झटके आले, एकाच सत्रातली दोन-तीन मुलं आजारी पडली किंवा मृत्यू झाला तर सिस्टरांनी ताबडतोब फोनवर वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि त्यांनी २४ तासांत जिल्ह्याच्या लसीकरण अधिकाऱ्यांना कळवायचं असतं. पुढे चौकशीसाठी जिल्हास्तरीय समिती असते. तुम्ही करायचं ते इतकंच की माता-बाल संरक्षण कार्ड जपायचं. कुठली लस, कुठल्या तारखेला, हे त्याच्यावर आहे. यात तुमचा खर्च शून्य. वेळही फारसा नाही.

टीबीच्या औषधांना सहा महिने लागतात, त्यामुळे तिथं ‘गोळी सोसत नाही’ हे वाक्य सगळ्यांत जास्त ऐकू येतं. रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी होते. घाबरू नका, ती व्हायचीच. सांधे दुखतात, पायाला मुंग्या येतात, ते सांगा. त्यावर औषध आहे. डोळे पिवळे झाले, जेवण जाईना, उलट्या थांबेनात किंवा रंग ओळखताना, वाचताना नजर अंधुक वाटली तर त्याच दिवशी केंद्रात जा. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, कोणती थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. यकृताची रक्ततपासणी सरकारीत मोफत होते. बाहेर तिलाच काही शे रुपये पडतात. निक्षय पोषण योजनेचे नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, त्यातले अर्धे बाहेरच्या लॅबमध्ये घालवणं परवडणारं नाही.

शाळेत जंताची गोळी दिल्यावर काही पोरांच्या पोटात दुखतं, मळमळतं. आधीच जंत जास्त असले की असं होतं, सावलीत झोपवून पाणी दिलं की उतरतं. गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, तेही होणारच. सिस्टरांनी गोळ्या देताना हे आधीच सांगितलं तर निम्म्या गोळ्या उकिरड्यावर जायच्या वाचतील.

याउलट काही रिॲक्शन दबा धरून बसतात. पाळीच्या दुखण्यासाठी आणि तापासाठी सर्रास घेतलं जाणारं मेफेनॅमिक ॲसिड घ्या. इंडियन फार्माकोपिया कमिशननं २०२३च्या शेवटी त्याबद्दल इशारा दिला होता की या औषधानं ‘ड्रेस’ नावाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते : ताप, पुरळ, गाठी सुजणं, यकृतासारख्या आतल्या अवयवांवर परिणाम. ती साधारण दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. दीड महिन्यापूर्वीची गोळी आठवते कुणाला? म्हणून सिस्टरांनी ‘काल काय खाल्लं’ एवढ्यावर थांबू नये, ‘गेल्या दोन महिन्यांत काय घेतलं’ हे विचारावं. हे इशारे काढले जातात ते देशभरातून आलेल्या अशाच नोंदींवरून. गाझियाबादहून त्या स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगी केंद्राच्या साठ्यातही जातात. केजची सिस्टर आणि उप्सालाचा संगणक यांच्यामध्ये एक पानाचा फॉर्म आहे, हे मला स्वतःला मोठं गमतीचं वाटलं.

ऊसतोडीला गेलेल्यांचं काय

दिवाळीनंतर आपला निम्मा तालुका कोल्हापूर, सांगली, सातारा आणि कर्नाटकाच्या फडात असतो. पाठ, कंबर, गुडघे दुखले की कोयत्याला सुट्टी नाही, सुट्टी घेतली तर खाडा पडतो. मग मुकादम किंवा जवळचा मेडिकलवाला गोळ्या देतो. ऊसतोड बायकांच्या अंगावर औषधोपचाराचा किती भार टाकला जातो हे २०१९च्या शासकीय समितीच्या अहवालात दिसलं. नीलम गोऱ्हे तिच्या अध्यक्षा होत्या. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. एवढ्या शस्त्रक्रिया म्हणजे भूल, प्रतिजैविकं, वेदनाशामकं किती झाली असतील. त्यांतल्या किती रिॲक्शन कुठं लिहिल्या गेल्या?

फडावर रिॲक्शन आली तर तिथल्या आरोग्य केंद्रात कळवा. ते तुमचं गाव विचारतील, पण नोंद नाकारायचं काही कारण नाही. जमलं नाही तर मोबाइलवरून आपल्या गावच्या आशाताईला फोन करा आणि पट्टीचा फोटो पाठवा. ती इथून नोंद करू शकते. नोंदीला तालुका-जिल्ह्याची हद्द नाही. परत आल्यावर सांगितलं तरी चालतं. आमच्या भागात आशाताई चैत्रात घरोघरी फिरतात तेव्हा एवढा एक प्रश्न वाढवावा : ‘फडावर कुणाला गोळी-सुई बाधली का?’

पदरात काय पडतं

पैसे मिळत नाहीत. नोंद ही तक्रार नाही, तिच्यावरून भरपाई ठरत नाही, डॉक्टरला शिक्षाही होत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दोन्ही बाजूंना त्याबद्दल गैरसमज आहे. रुग्णाला वाटतं फॉर्म भरला म्हणजे केस झाली. सिस्टरांना वाटतं फॉर्म भरला म्हणजे आपल्यावर केस झाली. फॉर्मवर स्वच्छ छापलेलं असतं की रुग्णाची ओळख गुप्त राहील, आणि नोंद पाठवणं म्हणजे आरोग्य कर्मचाऱ्यानं, कंपनीनं किंवा औषधानं चूक केली अशी कबुली नाही. कायद्याची भीती त्यामुळे नाही. पण आरोग्य केंद्रातली भीती कायद्याची कधीच नसते. ‘तुमच्याच उपकेंद्रातून रिपोर्ट कसा आला?’ हा मीटिंगमधला प्रश्न आणि दुसऱ्या दिवशी गावात पसरणारी ‘सिस्टरच्या सुईनं झालं’ ही कुजबुज, तिची भीती असते. वरच्या साहेबांनी शून्य नोंदीच्या केंद्राकडे संशयानं बघितलं तर बऱ्याच गोष्टी सुधारतील. हजारो गोळ्या वाटणाऱ्या केंद्रात वर्षभर एकालाही बाधलं नाही, हे ऐकून मला तरी हायसं वाटत नाही.

भरपाई हवी असेल तर वाट दुसरी. विकत घेतलेलं औषध सदोष निघालं किंवा पैसे घेऊन केलेल्या उपचारात हयगय झाली तर बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही. वकील स्वतःहून लावला तर त्याचे पैसे तुमचे. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिथं सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतो त्या सरकारी दवाखान्याविरुद्ध ग्राहक कायदा चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्येच सांगितलंय. आणि आयोगातही पहिला प्रश्न तोच येईल : बिल आहे का, पाकीट आहे का.

नोंदीतून तुमच्या पदरात पडण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, ती मागून घ्या. डॉक्टरांकडून किंवा सिस्टरांकडून एका चिठ्ठीवर लिहून घ्या की या माणसाला अमुक औषध बाधतं, अमुक तारखेला असं असं झालं. तिला प्लास्टिकचं कव्हर घाला. पुढच्या प्रत्येक दवाखान्यात, अगदी दात काढायला गेलात तरी, ती आधी दाखवा. बाहेर लागणारे हजारो रुपये आणि कदाचित जीव या चिठ्ठीनं वाचतो.

एसटीचं भाडं, आणि १७ सप्टेंबर

तरीही कुणाला समक्ष अंबाजोगाईला किंवा बीडला जाऊन दाखवायचंच असेल, तर मार्च २०२३पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पासष्टी ओलांडलेल्यांना निम्मं, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. आधार बरोबर हवं. जाण्याआधी उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलून बघा. त्याला पैसे नाहीत आणि पुष्कळदा चक्कर वाचते.

सिस्टर-आशाताईंसाठी एक तारीख. १७ ते २३ सप्टेंबर हा औषध दक्षता सप्ताह असतो. १७ सप्टेंबरला आपल्याकडे मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतंच, सगळे आरोग्य केंद्रात आलेले असतात. झेंड्यानंतर चहा होईपर्यंत दहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात एक फॉर्म खोटा-खोटा भरून बघावा. माझ्या चुलतीचा घ्या, वय ५८, स्त्री. पहिल्यांदा भरताना हात अडखळतो, दुसऱ्यांदा नाही.

चुलतीची चिठ्ठी मीच करून घेतली. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं, वेदनाशामक गोळी असावी असा अंदाज बांधला आणि लिहून दिलं : ‘दुखण्यावरची कोणतीही गोळी देण्यापूर्वी विचारावे. पूर्वी गंभीर ॲलर्जी.’ खाली औषधाच्या नावासाठी जागा होती. तिथं त्यांनी थोडा वेळ पेन धरून ठेवलं आणि मग लिहिलं, ‘पांढरी, मध्ये रेघ.’ ती चिठ्ठी चुलतीच्या बटव्यात आहे, तंबाखूच्या डबीशेजारी.